नित्य आणि नैमित्तिक

आमच्या धाराशिवास बर्फ ठाऊक तें उसाच्या रसाच्या पेल्यांतलें. तरी गुलमर्गास निघालेल्या नातवानें, 'रोजच्यासाठीं स्कीची कोणती जोडी घेऊं?' असें आम्हांसच विचारलें. आमच्या डोळ्यांपुढें उभा राहिला तो अफरवट: २००५ पासून गोंडोला जेथें सुमारें ३,९५० मीटर उंचीवर नेतो, ते सैल बर्फाचे उतार. भुसभुशीत बर्फांत रुंद पट्टी तरते, म्हणून उंटाच्या पावलाचा दृष्टान्त देऊन आम्हीं पावलाखालीं ११५ मिलिमीटर रुंदीची जोडी सुचविली.

साठविलेले सारे पैसे त्यानें तींत घातले. पण त्याचा सराव असे खालच्या, दाबून घट्ट केलेल्या उतारावर. तेथें सकाळच्या कठीण बर्फांत रुंद पट्टीची कड लौकर रुतेना. तो पडला, मनगट मोडलें.

शास्त्र खोटें नव्हतें. 'रोजच्यासाठीं' हा शब्दच आम्हीं ऐकला नव्हता. नित्यासाठीं सुमारें ८५ ते ९५ मिलिमीटरांची, उभी केली असतां हनुवटी व माथा यांच्यामध्यें येणारी जोडी विकत घ्यावी. ती घट्ट बर्फ धरते, थोड्या मऊ बर्फांतहि तरते. ताज्या हिमवर्षावाच्या नैमित्तिक दिवशीं रुंद जोडी भाड्यानें आणावी.

मनगट आतां सांधलें आहे. यंदा त्यानें पुनः सल्ला मागितला, तेव्हां आम्हीं आधीं विचारलें, "बाळ, बहुतेक दिवस तूं कोठें असतोस?"