रिकामी प्लेट

जनुक-संपादनाच्या प्रॅक्टिकलला मुलांचे डोळे लागलेले असतात ते पांढऱ्या वसाहतींकडे. ई. कोलाय जिवाणूंचं लॅकझेड जनुक शाबूत असलं, की एक्स-गॅल घातलेल्या अगरवर ते निळे उगवतात. क्रिस्परनं ते जनुक मोडलं, की पांढरे. पुढच्या दिवशी इन्क्युबेटर उघडला की निळ्या-पांढऱ्याचे फोटो लगेच घरच्या ग्रुपवर जातात. मला शिकवायला आवडते ती मात्र त्यांच्या शेजारची रिकामी प्लेट.

जर्नलमध्ये तिच्यापुढे बहुतेक जण ‘प्रयोग फसला’ असं लिहितात. तिथून पुढचा सगळा तास मी त्या एका प्लेटवर घालवते. या जिवाणूंना आपण क्रिस्परची कात्री, म्हणजे कॅस-९ दिलं, वीस अक्षरांचा पत्ता सांगणारा गाइड आरएनए दिला. दुरुस्तीसाठी लागणारा नमुन्याचा डीएनए तेवढा दिला नाही. कॅस-९नं नेमक्या जागी दोन्ही धागे कापले. ई. कोलायला असा घाव नमुन्याशिवाय सहसा सांधता येत नाही, म्हणून ते मेले. कात्री अचूक चालल्याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही.

डाउडना आणि शार्पेंतिए यांना २०२०चं नोबेल मिळालं ते या कात्रीसाठी. पण कापण्यापुरतीच सत्ता आपली. सांधायचं कसं, हे पेशी ठरवते. २०१८मध्ये ह च्यानकुई या चिनी संशोधकानं मानवी भ्रूणांचं सीसीआर-५ जनुक कापलं. निसर्गात आढळणारा जो बदल त्याला हवा होता, तो त्या भ्रूणांतून जन्मलेल्या जुळ्या मुलींत हुबेहूब उतरलाच नाही. त्यांच्या पेशींनी आपापल्या परीनं घाव बुजवला होता. हे मी त्याच तासाला, ती प्लेट हातात असतानाच सांगते. नीतीसाठी सत्राच्या शेवटी वेगळं व्याख्यान ठेवणं मला मुळीच पटत नाही.

एकदा नंदुरबारकडच्या एका विद्यार्थिनीनं विचारलं, “मॅडम, सिकलसेलमध्ये तर एकच अक्षर चुकलेलं असतं. ते बदलतात का?” तिच्या भागात हा आजार घरोघरी माहीत आहे. मी सांगितलं, की ब्रिटननं नोव्हेंबर २०२३मध्ये मान्य केलेला कॅसजेव्ही हा उपचार त्या अक्षराला हातच लावत नाही. जन्मानंतर गर्भातलं हिमोग्लोबिन बंद करणारी एक कळ असते. रुग्णाच्या मूळपेशी बाहेर काढून ती कळ कापतात. पेशी घाईघाईनं सांधताना अक्षरं गाळते, कळ बिघडते आणि ते जुनं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं. पेशीच्या या ओबडधोबड सांधणीचाच असा उपयोग करून घेणं मला फार सुंदर वाटतं, आणि ते मी वर्गात बोलूनही दाखवते. पण त्याआधी जहाल केमोथेरपीनं अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, आणि अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर आहे, हेही सांगावं लागलं.

तिनं जर्नलच्या समासात त्याचे रुपये केले. अठरा कोटींच्या पुढे गेले. दिल्लीच्या आयजीआयबी या संशोधनसंस्थेत स्वस्त, देशी उपचारावर काम चालू आहे, असं मी म्हटल्यावर तिनं विचारलं, तिथे संशोधनाला जायचं तर परीक्षा कोणती द्यावी लागते? सीएसआयआर-नेट, मी सांगितलं.