वठलेली झाडं

चैत्र अर्धा सरला की औंढा नागनाथच्या भोवतालच्या टेकड्यांवर मेलेलं झाड कोणतं नि जितं कोणतं, हे नुसतं बघून ओळखू येत नाही. साग, सालई, मोई, धावडा, सगळे उघडे. पायवाटेच्या दोन्ही अंगांना राखाडी खोडं आणि वर पांढुरकं ऊन. मग नखानं साल खरवडायची. आत हिरवी ओल लागली तर झाड नुसतं उन्हाळा काढतंय. कोरडा भुसा निघाला तर ते वठलं. खरा निवाडा मृगाच्या सरी करतात. पंधरवड्यात डोंगर पालवतो आणि जी पालवत नाहीत ती झाडं हिरव्यात एकेकटी दिसू लागतात.

दुष्काळात झाड त्याच वर्षी मरतं असं नाही. मराठवाड्यानं २०१४ आणि २०१५ अशी दोन कोरडी वर्षं लागोपाठ सोसली. अशा तहानेनंतर झाड उभं राहतं, पुन्हा पानंही धरतं. पण त्याच्यातला जोर गेलेला असतो. सालीखाली भुंगेऱ्यांच्या अळ्या शिरतात, बुरशी धरते, आधी शेंडा वाळतो, मग एकेक फांदी. चांगल्या पावसाच्या वर्षी एखादं झाड जातं, तेव्हा त्याला मारणारा उन्हाळा कधीच मागं पडलेला असू शकतो.

मेल्यावरही प्रत्येकाची रीत वेगळी. साग ताठ उभा राहतो. त्याच्या गाभ्याला वाळवी सहजी तोंड लावत नाही. सालई, मोई, पांगारा मऊ लाकडाचे, ते लवकर भुसभुशीत होतात. पाखरांना हवं असतं ते हेच मऊपण. सुतार आणि तांबट चोचीनं घर कोरतात. तांबट बहुधा वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला भोक पाडतो, म्हणजे पावसाचं पाणी आत उतरत नाही. त्यांचा हंगाम संपला की त्या रिकाम्या घरात पिंगळा येतो, मैना येते, दयाळ येतो. यांतल्या कुणापाशी लाकूड कोरणारी चोच नाही. राखी धनेशाच्या मादीला तर ऐसपैस ढोली लागते. ती आत बसून दार विष्ठेनं आणि चिखलानं लिंपून घेते, चोच जाईल एवढी फट ठेवते, आणि नर बाहेरून तिला वड-पिंपळाची फळं भरवत राहतो. अशी ढोली पडायला झाडाचं वय व्हावं लागतं. आज लावलेल्या रोपात ती आपली नातवंडं पाहतील, तीही पाहिली तर.

औंढ्याच्याच परिसरात लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. केंद्र सरकारनं तिला २०१६ मध्ये तत्त्वतः आणि २०२३ मध्ये पूर्ण मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन बाहूंमधून दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीची थरथर टिपायची, म्हणून जमीन शांत हवी. इथली तशी आहे. या शांततेचा लाभ पायी हिंडणाऱ्यालाही होतो. वठल्या खोडाला कान लावला तर आत अळी लाकूड कुरतडताना ऐकू येते. मला हा आवाज फार मोलाचा वाटतो. वाळवी, बुरशी, अळ्या मिळून त्या झाडाची माती करत असतात, आणि या मुरमाड उतारावर माती किती कमी आहे ते चालताना पायाला कळतं.

सरपणाला येणाऱ्या बायांवर माझा आक्षेप नाही. त्या पडलेल्या काटक्या वेचतात, डोक्यावर मोळी घेऊन उतरतात. तो त्यांच्या चुलीचा हक्क आहे. उभं खोड जातं ते करवतीनं, ‘नाहीतरी वाळलंच होतं’ या एका वाक्यावर. जंगल साफसूफ दिसावं ही हौस मला पटत नाही. वाटेवर कललेलं, माणसाच्या अंगावर येईल असं झाड काढावंच लागतं. पण तेही बुडातून का काढावं? पडणारा भार उतरवावा आणि खाली दोन पुरुष उंचीचं खोड ठेवावं. पिंगळ्याला तेवढं पुरतं.