उरलेल्या तुकड्याचा मालक कोण?

आमचे फॅब्रिकेशनचे छोटे दुकान अहिल्यानगर शहरात आहे. (नगर म्हणायची सवय अजून गेलेली नाही, वाचकांनी सांभाळून घ्यावे.) गेट, खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे, पत्र्याचे शेड, आणि ऊसतोडणीचा हंगाम जवळ आला की ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची डागडुजी, एवढेच काम. मुलांचे अब्बा आणि माझे धाकटे दीर दोघे मिळून दुकान चालवतात. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते आणि वर्षातून एकदा, रमजानमध्ये, दुकानाचा हिशेब लिहायला बसते. आजचा विषय त्या हिशेबातूनच निघाला.

लोखंड दुकानात ६ मीटरच्या, म्हणजे साधारण २० फुटांच्या लांबीत येते. गिऱ्हाइकाची खिडकी काही त्या मापाने बांधलेली नसते. समजा, ४२ इंचांच्या सळ्या हव्या आहेत. एका लांबीतून पाच निघतात आणि २६ इंचांच्या आतबाहेर तुकडा उरतो. कटरची पात प्रत्येक कापाला ३ मिलिमीटर खाते ते वेगळेच. १२ मिलिमीटरचा चौकोनी बार मीटरला १.१३ किलो भरतो. म्हणजे दहा बार कापले की सात किलोंच्या वर लोखंड कोपऱ्यात जाऊन पडते. नवा माल ज्या भावाने घेतला त्याच्या निम्म्याच्या आसपास भाव भंगारात मिळतो. छोट्या दुकानाची कमाई खरे तर इथेच गळते आणि इथेच वाचते.

म्हणून आमच्याकडे कापायच्या आधी कागद लागतो. मोठी मुलगी नववीत आहे, गणिताचा कंटाळा करते, पण हे गणित तिला आवडते. आठवड्यातील सगळी मापे ती एका पानावर लिहिते. आधी लांब मापे बसवायची, मग उरलेल्यात आखूड. एका घराच्या खिडकीतून उरलेला तुकडा दुसऱ्या घराच्या न्हाणीघराच्या झरोक्याला लागतो. दुकानात काम शिकणाऱ्या पोरांना सुरुवातीला हा सगळा खटाटोप वाटतो. महिन्याच्या शेवटी वजनकाटा त्यांची समजूत घालतो.

तरीही तुकडे उरतातच. त्यांचे तीन ढीग. फूटभराच्या वरचे उभे करून ठेवायचे, ते पुढच्या कामात जातात. वीतभर पट्टीचे तुकडे चौकट भिंतीत पकडणाऱ्या पायांसाठी, पत्र्याचे चौकोनी तुकडे खांबाच्या बुडाशी, सळीचे आखूड तुकडे कडीकोयंड्यांना आणि बिजागरीच्या खिळीला. माठाची तिवई, कुलरचा स्टँड, कोंबड्यांचे खुराडे, बकरी ईदच्या आधी मांस टांगायचे आकडे, हे सारे उरल्यासुरल्यातूनच होते. ग्राइंडरखाली पडणारा लोखंडाचा बारीक कीससुद्धा मी डबीत भरून शाळेत नेते. विज्ञानाच्या बाई कागदाखाली चुंबक धरतात आणि वर तो कीस भुरभुरतात, तेव्हा रेषा उमटताना बघायला मागच्या बाकावरची मुलेही पुढे येतात. तिसरा ढीग मात्र खरे भंगार. ते हातगाडीवाल्याकडे, तिथून मोठ्या व्यापाऱ्याकडे, आणि पुढे बरेचसे जालन्याच्या भट्ट्यांमध्ये जाऊन पुन्हा बांधकामाची सळी होते.

हातगाडीवाल्याचा विषय निघाला म्हणून सांगते. वर्गात एका मुलाने दुसऱ्याला 'भंगारवाल्याचा' म्हणून चिडवले. चिडवलेल्या मुलाचे वडील खरोखरच भंगार गोळा करतात. या शब्दाचा टोमणा आपल्या किती घरांनी ऐकला आहे ते वाचकांना सांगायला नको. मी त्या दिवशी रागावले नाही, मराठीचा तास घेतला. ज्ञानेश्वरी आपल्याच जिल्ह्यातील नेवाशात १२९० साली सांगितली गेली. त्या जुन्या मराठीत भांगार म्हणजे सोने. कोकणीत आजही सोन्याला भांगर म्हणतात. फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले, एका कान्याचा फरक. मग त्या मुलालाच विचारले, तुझे अब्बा स्टील आणि लोखंड कसे वेगळे करतात? तो उठून म्हणाला, "बाई, चुंबकाने. कठड्याच्या चांगल्या स्टीलला चुंबक धरत नाही. तांबे वेगळे, पितळ वेगळे, ॲल्युमिनियम वेगळे. एकत्र विकले की नुकसान." सगळा वर्ग ऐकत होता.

त्याच तासाला मलिक-ए-मैदानही आली. विजापूरच्या बुरुजावरची ती प्रचंड तोफ १५४९ मध्ये आमच्या नगरला, बुऱ्हाण निजामशहाच्या काळात ओतली गेली. वजन सुमारे ५५ टन. आणि १८५४ मध्ये इंग्रजांच्या अमलात ती लिलावात काढली गेली तेव्हा सर्वांत मोठी बोली आली १५० रुपयांची! एवढ्या कमी पैशांत देणे बरे नव्हे म्हणून विक्री रद्द झाली, नाहीतर तिचीही भांडी झाली असती.

उरलेले वापरण्याची हौस कुठे आवरायची हेही लिहिले पाहिजे. तेलाचा किंवा रसायनाचा जुना बंद पिंप चुलीसाठी कापून द्या म्हणून लोक येतात. आत राहिलेल्या वाफेने ठिणगीसरशी स्फोट होतो. मुलांचे अब्बा असे पिंप हातात घेत नाहीत, ओळखीच्या माणसालाही परत पाठवतात. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा किंवा पाइप कोंडलेल्या जागेत वेल्डिंग केला तर त्याच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. आणि आमच्या भागात के. के. रेंजवर लष्कराचा गोळाबाराचा सराव चालतो. तिथे भंगार वेचायला गेलेल्या माणसांचे जीव गेले आहेत. तसला माल दारात आला तर घ्यायचा नाही, भाव कितीही कमी असो.

आता हिशेबाकडे येते. दुकानातील वेल्डिंग मशीन, कटर, ड्रिल यांवर जकात नाही, ती कामाची अवजारे. विक्रीच्या मालावर आहे, अडीच टक्के. मौलानांना विचारले तर म्हणाले, भंगारही विकण्यासाठीच ठेवले आहे ना, मग त्या दिवसाच्या भावाने धरा. दोन वर्षांपूर्वीच्या रमजानमध्ये मी वही घेऊन दुकानात गेले. दीर वजन सांगत होते, मी लिहीत होते. मध्येच मुलांचे अब्बा म्हणाले, "थांबा. यातले आपले किती?"

प्रश्न असा होता. काही गिऱ्हाइके माल स्वतः आणून देतात, आपण फक्त मजुरी घेतो. त्या मालाचे उरलेले तुकडे दुकानातच राहतात, विचारतो कोण? सगळा बाजार असाच चालतो. पण जकात तर आपल्या मालकीच्या वस्तूवर. लिहायचे तर ते आपले म्हणावे लागेल, आणि आपले म्हणायला कोणी दिले? दीर चिडले. "भाभी, तुम्हीच सांगा भाईजानना. गिऱ्हाईक भाव करताना आधीच शंभर ठिकाणी घासाघीस करून येते. वेल्डिंग रॉडचा खर्च या तुकड्यांतून निघतो." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. ते वर्ष मंदीचे होते, आणि पोरांना ईदीही द्यायची होती. मुलांचे अब्बा एवढेच म्हणाले की, रॉडचा खर्च मजुरीत लावू, उघड सांगून लावू. अमानत ती अमानत. हजरत दाऊद (अलै.) यांच्यासाठी अल्लाहने लोखंड मऊ केले आणि ते हाताच्या कमाईवर जगले, हे घरात मुलांना शिकवायचे आणि दुकानात दुसऱ्याचे लोखंड विकायचे, हे मलाही पटत नव्हते.

तेव्हापासून अंदाजपत्रकावर एक ओळ असते: आणलेल्या मालाचे उरलेले तुकडे गिऱ्हाइकाचे, नको असतील तर भंगाराच्या भावाने मजुरीतून वजा. मजुरी थोडी वाढवली. दोन-तीन जुनी गिऱ्हाइके तुटली, ती परत आली नाहीत. बहुतेक जण तुकडे नेत नाहीत, वजा करून घेतात.

वांबोरीकडच्या एका गृहस्थांचे पोते मात्र त्या रमजानपासून खडूने नाव लिहून भिंतीला टेकून होते. फोन लागत नव्हता. जकातीच्या यादीत ते दोन्ही वर्षे धरले नाही. गेल्या महिन्यात त्यांचा मुलगा दुसऱ्या कामासाठी आला तेव्हा पोते त्याच्यापुढे ठेवले. त्याला आधी काही कळेचना. मग त्याने गव्हाणीच्या कड्यांसाठी चार तुकडे निवडले आणि बाकीचे ठेवून घ्या, पैसे द्या म्हणाला. दिरांनी पोते काट्यावर चढवले आणि विचारले, "भाईजान, भाव कधीचा धरायचा? तेव्हाचा की आजचा?" चहा थंड होईपर्यंत दोघांचे त्यावर चालले होते.