दोन दिनदर्शिकांमधला नाताळ

जॉर्जियात 25 डिसेंबर हा कामाचा दिवस असतो. शाळा भरतात, बँका उघडतात, बाजारात नेहमीचीच वर्दळ असते. जॉर्जियन ऑर्थोडॉक्स चर्च सणांसाठी जुनी ज्युलियन दिनदर्शिका पाळते. ती सध्या रोजच्या वापरातल्या दिनदर्शिकेपेक्षा 13 दिवसांनी मागे आहे, म्हणून तिथला नाताळ 7 जानेवारीला येतो. खेड्यात इंग्रजी शिकवायला आलेल्या अमेरिकन स्वयंसेवकाला पहिल्या हिवाळ्यात याची झळ बसते. घरी आईवडील झाड सजवत असतात आणि तो इकडे फळ्यावर क्रियापदे लिहीत असतो. पुढे मात्र वर्षाअखेरीपासून 19 जानेवारीपर्यंत एकामागून एक सण येत राहतात, आणि त्यातल्या प्रत्येकात त्याची खुर्ची मांडलेली असते.

हे स्वयंसेवक मुख्यतः पीस कोअरचे. अध्यक्ष केनेडी यांनी 1961 मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेने जॉर्जियात 2001 मध्ये काम सुरू केले. रशियाबरोबरच्या 2008 च्या युद्धात आणि 2020 च्या महासाथीत तिला आपली माणसे परत न्यावी लागली. 2010 मध्ये जॉर्जियाच्या सरकारनेही परदेशी इंग्रजी शिक्षक शाळाशाळांत पाठवण्याचा स्वतःचा उपक्रम काढला होता. पीस कोअरचा स्वयंसेवक सुमारे तीन महिने प्रशिक्षण घेतो आणि मग दोन वर्षे काम करतो. सुरुवातीला तरी त्याचा मुक्काम एखाद्या स्थानिक कुटुंबातच असतो. भत्ता बेताचा असतो, महिन्याला दोन दिवस रजा साठते आणि स्वतः गाडी चालवायला मनाई असते. त्यामुळे कुठेही जायचे तर मार्श्रुत्का, म्हणजे ठरावीक मार्गावर धावणारी मिनीबस, हेच वाहन.

तिबिलिसीहून पश्चिमेच्या गुरिया प्रांतापर्यंतचा माझा प्रवासही डिसेंबरअखेरीस अशाच मार्श्रुत्काने झाला. ती दिदुबे स्थानकावरून निघते. सुरामी गावाजवळ रस्त्याच्या कडेला बायका नाझुकी विकत असतात. बेदाणे आणि दालचिनी घातलेला हा गोडसर पाव मातीच्या भट्टीत, आपल्या तंदूरसारखा, आतल्या भिंतीला थापून भाजतात. पुढे रिकोतीची खिंड लागते. ही खिंड ज्या लिखी डोंगररांगेत आहे ती देशाचे दोन भाग करते. पूर्वेकडची हवा कोरडी, तर पश्चिमेला काळ्या समुद्राची दमट हवा. खिंड उतरल्यावर श्रोशा इथे कुंभारांची मडकी मांडलेली दिसतात, मग कुताईसीचा सपाट मुलूख येतो आणि घरांच्या अंगणांत नारिंगी फळांनी लगडलेली मँडरिनची झाडे दिसू लागतात. थंडीच्या ऐन भरात ही झाडे पाहून उत्तरेकडच्या बर्फाळ गावांतून आलेल्या स्वयंसेवकांना फार नवल वाटते.

ओझुर्गेती हे गुरियाचे मुख्य गाव. डिसेंबरात तिथल्या बाजारात चिचिलाकीचे ढीग लागतात. हेझलनटची वाळलेली फांदी सोलून धारदार सुरीने तिच्या लांब, पातळ, कुरळ्या ढलप्या काढतात. त्या सुट्या करायच्या नाहीत, फांदीलाच लटकत ठेवायच्या. असे करत गेले की पांढऱ्याशुभ्र कुरळ्यांचे एक लहानसे झाड तयार होते. लोक त्याला संत बसिलची दाढी म्हणतात. त्यावर बोरांसारखी लाल फळे आणि सुकी फळे अडकवली की सजावट पूर्ण. गुरिया आणि समेग्रेलो हे चिचिलाकीचे मूळ प्रांत. आता ती राजधानीतही विकली जाते. मोठे झाड मुळापासून तोडावे लागत नाही, छाटलेल्या फांदीवर काम भागते, हा तिचा मोठा गुण. कारागिराचा हात एकदाही न थांबता फांदीवरून खाली येताना पाहणे, हा माझ्या दृष्टीने या प्रवासातला सर्वांत मोलाचा अनुभव.

घरांत थंडी कडाक्याची असते. पूर्ण घर तापवणे परवडत नाही. एका खोलीत फेची, म्हणजे लाकडांची चूल, पेटवतात आणि सारे कुटुंब दिवसभर तिथेच वावरते. स्वयंसेवकाचा अभ्यास, शेजाऱ्यांच्या गप्पा, मुलांचा गृहपाठ, स्वयंपाक, सारे त्या एका चुलीभोवती. जॉर्जियन भाषा स्वयंसेवक शिकतो ती वर्गापेक्षा इथेच जास्त.

25 डिसेंबर साजरा करायची जबाबदारी स्वयंसेवकांवरच येते. जवळच्या रविवारी आसपासच्या गावांतले सगळे एकाच्या घरी जमतात, ज्याला जे येते ते रांधतात, चिठ्ठ्या टाकून एकमेकांना छोट्या भेटी देतात. काही जण रजा काढून राजधानीत किंवा परदेशी निघून जातात. ते समजण्यासारखे असले, तरी त्यांचे नुकसान होते असेच मला वाटते, कारण गावातला खरा सोहळा त्यानंतर सुरू होतो.

31 डिसेंबरची तयारी दोन-तीन दिवस चालते. सात्सिवी हवीच: टर्की किंवा कोंबडी उकडून, अक्रोड, लसूण, निळी मेथी आणि झेंडूच्या सुक्या पाकळ्या घालून केलेल्या दाट रश्शात मुरवलेली आणि गारच वाढलेली. सोबत भाजलेले डुकराचे पिल्लू, चीज भरलेली खाचापुरी आणि गोझिनाकी, म्हणजे मधात घोटलेल्या अक्रोडांच्या शंकरपाळ्याच्या आकाराच्या वड्या. एक अडचण मात्र असते. ऑर्थोडॉक्स नाताळाआधीचा 40 दिवसांचा उपवास 6 जानेवारीपर्यंत चालतो, म्हणजे नववर्षाची मेजवानी त्याच्या शेवटच्या आठवड्यात येते. उपवास पाळणाऱ्यांसाठी त्याच टेबलावर राजम्याची लोबियो आणि अक्रोड घातलेली पालेभाजीची प्खाली ठेवतात. एकाच घरात आजी उपवासाची आणि नातू मांस खाणारा, आणि कोणी कोणाला टोकत नाही.

मेजवानीची सूत्रे तामादाकडे असतात. तो एकेक विषय घेऊन प्याला उंचावतो: शांती, देश, दिवंगत, आईवडील, मुले. मी पाहुणा होतो त्या घरच्या टेबलावर त्याने तिथे नसलेल्या, दूर अमेरिकेत बसलेल्या आईबापांसाठी प्याला उचलला, तेव्हा बाविशीतली एक स्वयंसेविका उभी राहिली आणि तिने मोडक्या जॉर्जियनमध्ये उत्तर दिले. मध्यरात्री गावभर फटाके फुटले. 1 जानेवारीला घरात पहिले पाऊल टाकणाऱ्याला मेक्वले म्हणतात. वर्षाचे भाग्य त्याच्या पायगुणावर अवलंबून असते, असे मानतात. त्या घराने हा मान तिलाच दिला. तिने हातात मिठाई घेऊन उंबरा ओलांडला आणि घराला सुख, आरोग्य चिंतले. परक्या मुलीवर वर्षभराचा विश्वास टाकणे, याहून मोठे स्वागत मला ठाऊक नाही.

2 जानेवारी हा बेदोबा, भाग्याचा दिवस: तो जसा जाईल तसे वर्ष जाते. म्हणून भांडण टाळायचे आणि आवडत्या माणसांत राहायचे. 7 जानेवारीला नाताळ. गुरियात त्या दिवशी अर्धचंद्राच्या आकाराची, उकडलेली अंडी आणि चीज भरलेली पोळी भाजतात. अलिलो ही नाताळची गाणी गुरियातले पुरुष अनेक सुरांत गातात, आणि त्यात क्रिमानचुली नावाचा एक उंच, थरारणारा स्वर बाकीच्या स्वरांच्या वरून फिरत असतो. तिबिलिसीत अलिलोची मिरवणूक निघते. पांढऱ्या झग्यांतली मुले पुढे चालतात, लोक खाऊ आणि धान्य देत राहतात, मिरवणूक समेबा कॅथेड्रलला पोहोचते आणि जमलेले सामान गरजूंना वाटले जाते.

जुने नववर्ष येते 14 जानेवारीला, बहुतेक वर्षी आपल्या संक्रांतीच्याच दिवशी. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण तिबिलिसीत वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मराठी मुलांना तिळगूळ वाटण्यासाठी हा दिवस आयताच सापडतो, आणि वर्गमित्रांकडून गोझिनाकी मिळते. 19 जानेवारीला येशूच्या बाप्तिस्म्याचा सण. त्या दिवशी चर्चमध्ये पाणी मंत्रवून घरी नेतात आणि त्याच्या सुमारास चिचिलाकी जाळतात, म्हणजे सरत्या वर्षाचे दुःख तिच्याबरोबर जाते. त्यानंतर गोझिनाकीही पुढच्या डिसेंबरपर्यंत सहसा कोणी करत नाही, आणि स्वयंसेवक आपल्या फळ्याकडे व क्रियापदांकडे वळतात.