आदला दिवस

काँक्रीट ही वाट पाहणारी वस्तू नव्हे. प्लांटमध्ये सिमेंटला पाणी लागले की त्याचे घड्याळ सुरू होते आणि साधारण दोन तासांच्या आत ते साच्यात विसावावे लागते. म्हणूनच रेडी-मिक्स काँक्रीटच्या कामातली खरी मेहनत गाडी येण्यापूर्वीची असते. पुण्याच्या उपनगरांतील बांधकामांवर देखरेख करण्यात माझी वीस-बावीस वर्षे गेली. स्लॅब पडल्याचे दिवस आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. लक्षात राहिले आहेत ते आदले दिवस.

त्या दिवशी मी आधी रस्त्याकडे जातो. सहा घनमीटर माल भरलेली गाडी पंचवीस टनांच्या घरात जाते. नुकताच बुजवलेला नळाचा चर, वरून कोरडा दिसणारा भराव, ड्रेनेजचे झाकण, यांपैकी कोण दगा देईल हे चालून, टाच रोवून पाहावे लागते. मग नजर वर न्यायची, तारांसाठी. पंपाचा लांब हात विजेच्या तारेजवळ जाणार असेल, तर तो पंप नकोच. जमिनीवरून पाइप टाकणारा पंप मागवावा. यात वेळ जातो, मालक कुरकुरतो. कुरकुरू द्यावे.

त्यानंतर सेंट्रिंगवर. टेकू ओळंब्यात आहेत का, त्यांच्याखाली फळी आहे का, फटी बुजल्या आहेत का? फटीतून सिमेंटचे पाणी गळले की खाली नुसती खडी उघडी पडते. सळईखाली वीस मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक हवेत. फिटरच्या पायाखाली वरची जाळी दबलेली असते, ती खुर्च्यांवर पुन्हा उचलून घ्यावी लागते. आणि मग केरकचरा: बाइंडिंग तारेचे तुकडे, लाकडाचा भुसा, विडीची थोटके, पंख्याच्या डब्यात कोंबलेला कागद. हे सारे वेचून पाण्याने धुऊन काढायचे. उद्या दुपारनंतर यातले काहीही कुणाच्या दृष्टीस पडणार नाही. जे दिसणार नाही त्याविषयी माणसाला आग्रही ठेवणारे असे काम दुसरे क्वचितच असेल.

हिशेबही त्याच दिवशी करायचा. बाराशे चौरस फुटांच्या पाच इंची स्लॅबला चौदा घनमीटर माल लागतो; तुळयांचा वेगळा. शेवटची गाडी मात्र उरलेली जागा मोजल्याशिवाय सांगू नये.

पूर्वी, साइटवरच्या मिक्सरच्या काळात, आदल्या दिवशी मुकादम माणसे मोजत असे. परातीवरून स्लॅबपर्यंत बायकांची रांग लागे आणि घमेले हातोहात वर जाई. आता पाइपाशी चार जण पुरतात. त्या रांगेतली एक बाई पुढे क्युरिंगच्या कामाला माझ्याकडे होती. पहिल्यांदा पंप पाहून ती म्हणाली, “साहेब, मान वाचली आमची; पण रोजही गेला.” दोन्ही खरे होते. तिला सांगण्याजोगे माझ्यापाशी काही नव्हते. नव्या यंत्राचे कौतुक करताना ते वाक्य मला अजूनही आडवे येते.

एक दक्षता मी कधी सोडत नाही. माल घट्ट वाटला की पाइप धरणाऱ्याला त्यात पाणी हवे असते; ओढायला सोपे जाते. पण त्या सोपेपणाची किंमत काँक्रीटची ताकद मोजते आणि ती अठ्ठावीस दिवसांनी, क्यूब फोडल्यावर कळते. म्हणून पाण्याची नळी मी संध्याकाळीच गाडीच्या जागेपासून दूर नेतो. गाडीला स्वतःची टाकी असतेच. तिच्याजवळ विश्वासाचा माणूस नेमतो. क्यूबचे साचे तेल लावून सावलीत, जादा व्हायब्रेटर डिझेल भरून जिन्याखाली आणि गाडी धुण्याचा खड्डा शेजाऱ्याच्या कुंपणापासून लांब.

दिवेलागणीला प्लांटवरून फोन येतो: पहिली गाडी सातला. मी सांगतो, “दुसरी मात्र मी कळवल्यावरच भरा.”