ओंजळ आणि पेला

स्मरणिकेसाठी शाळेची एखादी आठवण लिहून द्यावी, असे संपादक मंडळाने कळविले तेव्हा मी विषय सुचविला तो लिंबाच्या सरबताचा. मंडळातील तरुण सदस्य हसले. इतिहासाच्या शिक्षकाकडून त्यांची अपेक्षा निराळी असावी. परंतु बुद्धपौर्णिमेच्या मेळाव्याला येणारे आपले माजी विद्यार्थी ज्याची चौकशी सर्वप्रथम करतात, ते आपले दाट, सायीसारखे सरबतच असते. ते कसे करतात, हे अनेकांनी विचारले आहे. ते का करतात, हे मात्र कोणी विचारले नाही. आज दोन्हींचे उत्तर देतो.

परभणीचा उन्हाळा वाचकांना सांगायला नको. चौदा एप्रिलची जयंती आणि वैशाखी पौर्णिमा, आपले दोन्ही मोठे उत्सव नेमके याच दिवसांत येतात. पारा चाळिशी ओलांडून गेलेला असतो आणि गावोगावहून एस. टी. ने, टेम्पोने आलेली माणसे घशाला कोरड पडलेल्या अवस्थेत फाटकातून आत शिरतात. त्यांच्या हातात थंड पेला देणे हे आपल्या वसतिगृहाचे पहिले स्वागत. पूर्वी तो पेला साध्या लिंबूसरबताचा असे. प्रवेशाच्या दिवशीही आम्ही तेच करीत असू.

जून 1997 मधील प्रवेशाचा दिवस मला आजही लख्ख आठवतो. शाळेत रुजू होऊन मला दोनच वर्षे झाली होती. पाऊस लांबला होता. पालकांची रांग व्हरांड्यापासून कडुनिंबापर्यंत गेली होती आणि सरबताच्या पिंपापाशी ओगराळे घेऊन मी उभा होतो. शेतमजुरी करणारी एक माउली पाचवीत दाखल व्हायला आलेल्या मुलाला घेऊन पुढे आली. मी पेला पुढे केला. तिने तो घेतला नाही. किंचित वाकून तिने दोन्ही हातांची ओंजळ धरली आणि म्हणाली, "राहू द्या सर, वरूनच वता." तिच्या कोपराशी उभ्या असलेल्या मुलानेही, आईकडे पाहून, आपली इवलीशी ओंजळ पुढे केली.

मागे रांग होती, ऊन होते, घाई होती. मी ओतले.

दोघांनी ओंजळीने सरबत प्यायले, पदराला हात पुसले आणि ती दोघे पुढे गेली. मी पुढच्या माणसाला पेला दिला. रात्री अंथरुणावर पडलो तेव्हा कळले की आपण काय केले. ज्या शेतावर ती राबत होती तेथे तिला पाणी तसेच मिळत असणार: उंचावरून, भांड्याला हात न लावता. माझ्या लहानपणी आमच्याही गावात तसेच होते. हॉटेलाबाहेर वळचणीला ठेवलेली वेगळी कपबशी मी स्वतः विसळून ठेवली आहे. इतिहासात एम. ए. करून आलेला, बाबासाहेबांच्या विचारांवर चालणाऱ्या शाळेतला शिक्षक, आणि माझ्याच हाताने आमच्या अंगणात ती रीत पाळली गेली. कोणी बळजबरी केली नव्हती. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती.

दुसऱ्याच आठवड्यात सातवीच्या वर्गाला महाडचा सत्याग्रह शिकवायचा होता. मुंबई कायदेमंडळाने 1923 साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला, महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले, तरी प्रत्यक्षात त्या पाण्याला हात लावणे अवघड होते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्राशन केले. फळ्यावर 'ओंजळ' हा शब्द लिहिताना माझा खडू थांबला. महाडची ओंजळ पाण्यात स्वतः उतरलेली होती. व्हरांड्यातली ओंजळ वरून पडणाऱ्या धारेखाली धरलेली होती. हात तेच, मुद्राही तीच, आणि अर्थ मात्र एकमेकांच्या अगदी विरुद्ध. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत 1901 सालच्या एका प्रवासाविषयी लिहिले आहे. मसूर स्थानकावर उतरून वडिलांकडे निघालेल्या भावंडांजवळ शिदोरी भरपूर होती, पण पाणी देणारा कोणी भेटला नाही आणि मुले उपाशीच झोपली. त्या वेळी ते नऊ वर्षांचे होते. माझ्यासमोर ओंजळ धरणारा मुलगा दहा वर्षांचा असेल.

त्यानंतर आम्ही नियम केला की सरबत ओतून द्यायचे नाही. पेला हातातच द्यायचा. पण नियमाने काम भागत नाही. थकलेले माणूस सवयीने वाकते आणि वाढणारा सवयीने ओततो. मग मला वाटले, पेयच असे असावे की ते ओंजळीत घेताच येऊ नये.

पहिला प्रयत्न पुरता फसला. साध्या सरबतात दूध घातले की ते दाट होईल, असा माझा भाबडा समज. स्वयंपाकघरातल्या मावशींनी "सर, नासंल" असे बजावले होते. नासलेच. लिंबाच्या आम्लाने दुधातील प्रथिने गोळा होऊन खाली गुठळ्या आणि वर पाणी राहिले. त्या जयंतीला मुलांना नुसते माठातले पाणी मिळाले.

तोडगा पुढे कित्येक वर्षांनी परिचारिका झालेल्या आपल्या एका माजी विद्यार्थिनीने आणला. ब्राझीलमध्ये लिंबे सालीसकट फिरवून, त्यात कंडेन्स्ड मिल्क घालून सरबत करतात. तेथे त्याला 'लिमोनाडा सुइसा', म्हणजे स्विस सरबत, म्हणतात. आटवलेल्या दुधात साखर भरपूर असते, आणि सारे थंडगार असेल तर ते लगेच न फाटता दाटसर होते.

घरगुती प्रमाण असे: चार कागदी लिंबे, एक लीटर थंडगार पाणी, अर्धी वाटी साखर, चिमूटभर मीठ आणि 400 ग्रॅमच्या डब्यातील निम्मे कंडेन्स्ड मिल्क. साली पेयात उतरणार असल्यामुळे लिंबे कोमट पाण्याने चोळून धुवावीत. देठाकडची टोके कापून चार फोडी कराव्यात आणि प्रत्येक बी काढावी. बी राहिली की कडवटपणा आलाच. फोडी, पाणी व साखर मिक्सरमध्ये थांबून थांबून पाच-सहा वेळाच फिरवावे. अधिक फिरवले की सालीखालचा पांढरा भाग कडू उतरतो. लगेच बारीक गाळणीने गाळून मग कंडेन्स्ड मिल्क व मीठ घालावे आणि फेस येईपर्यंत घुसळावे. भांडे स्टीलचे असावे, पितळेचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे नको. केले की लगेच प्यावे. तासाभराने ते कडवट होऊ लागते.

दोनशे माणसांना तीस लीटर लागते, म्हणजे सुमारे सव्वाशे लिंबे व पंधरा डबे. उन्हाळ्यात लिंबू हस्त बहाराचे आणि भाव चढलेला. 'विक्रम' आणि 'प्रमालिनी' ही घोसांनी फळे देणारी वाणे आपल्या परभणीच्याच कृषी विद्यापीठाची आहेत. विहिरीजवळ चार झाडे लावली तर पुढच्या पिढीचा हा खर्च वाचेल, असे संस्थेला सुचवितो.

बुद्धपौर्णिमेला एक पिंप मात्र वेगळे, बिनदुधाचे ठेवतो. अष्टशील पाळणारे उपासक-उपासिका मध्यान्हानंतर आहार घेत नाहीत आणि दूध आहारात मोडते. गाळलेला फळांचा रस चालतो. विनयपिटकाच्या महावग्गात तथागतांनी आंबा, जांभूळ, केळे, द्राक्षे अशा आठ पानांची अनुमती दिली आहे. पिंपे दोन, पेले मात्र एकाच टोपलीतले.

तो पाचवीतला मुलगा आता दोन मुलांचा बाप आहे. गेल्या मेळाव्यात तो बाह्या सारून पेले विसळत होता. त्याला तो दिवस आठवतो का, हे मी विचारले नाही. विचारण्याचे धैर्य झाले नाही. त्याची लेक पिंपापाशी आली, पेला दोन्ही हातांनी घेतला, एका दमात संपवला, ओठांवरची पांढरी मिशी पुसली आणि रिकामा पेला माझ्यापुढे धरून म्हणाली, "सर, पेला लहान आहे. अजून द्या."

मी दिले. माजी विद्यार्थ्यांना व पालकांना एवढीच विनंती की येत्या वैशाखी पौर्णिमेला अवश्य यावे, पेला हातात घ्यावा, आणि पिऊन झाल्यावर ज्याचा त्याने धुऊन टोपलीत ठेवावा.

नमो बुद्धाय! जय भीम!