एका पानाची पंगत

एकट्याने जेवणे ही गोष्ट आमच्या समाजात फारशी प्रतिष्ठेची मानली जात नाही. माणूस एकटा देवळात गेला तर तो भाविक ठरतो, एकटा वाचीत बसला तर व्यासंगी ठरतो, एकटा समुद्रकाठी हिंडला तर निदान कवी तरी ठरतो. पण तोच एकटा जेवावयास बसला की पाहणाराच्या मनात कणव उत्पन्न होते. “घरची मंडळी गावाला गेली वाटते?” असा प्रश्न येतो, आणि त्या प्रश्नात चौकशीपेक्षा सांत्वनच अधिक असते. पंगत हाच आमच्याकडे भोजनाचा खरा घाट. देवस्थानच्या अग्रशाळेत समाराधनेच्या दिवशी पाने मांडली जावीत, ओळीने मंडळी बसावी, वाढप्यांची धावपळ सुरू व्हावी आणि शेजारच्याने “ह्यांना आमटी वाढा हो” म्हणून आपल्या वतीने हाक द्यावी, यात जे सुख आहे ते केवळ जिभेचे नव्हे. अशा संस्कारात वाढलेल्या माणसास एकट्याने आणि तेही परमुलखात, चारचौघांदेखत, स्वस्थ चित्ताने जेवता येईल काय, हा प्रश्न आम्हांस गेल्या वर्षी प्रत्यक्ष सोडवावा लागला.

एका आप्ताच्या विवाहानिमित्त आम्ही अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ऑर्लँडो या शहरी गेलो होतो. विवाह आटोपला, वऱ्हाड पांगले, आणि परतीच्या विमानास तीन दिवस उरले. ते दिवस आम्ही ‘वॉल्ट डिस्ने वर्ल्ड’ या सुप्रसिद्ध क्रीडानगरीत काढले. नगरी हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरीत आहोत. १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडलेल्या या स्थळाचा विस्तार सुमारे चाळीस चौरस मैलांचा आहे. त्यात चार मोठी उद्याने आहेत, पंचवीसहून अधिक निवासगृहे आहेत, आणि भोजनगृहांची तर गणतीच नको. येथे येणारा जो तो सहकुटुंब सहपरिवार येतो. आजोबा-आजी, मुले-नातवंडे, सर्वांच्या अंगात एकाच रंगाचे सदरे, त्यांवर कुटुंबाचे नाव छापलेले. अशा मेळ्यात एकटा जेवणारा जितका उठून दिसतो तितका तो जगात अन्यत्र क्वचितच दिसत असेल.

मौज अशी की या साऱ्या व्यापाचा उगम एका एकट्या बसलेल्या माणसापासून झाला. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये नेत असे. मुली लाकडी घोड्यांच्या चक्रावर बसत आणि हा गृहस्थ बाकावर बसून शेंगदाणे खात असे. आईबापांना आणि मुलांना एकत्र रमता येईल असे एखादे ठिकाण असावे, हा विचार आपल्याला तेथेच सुचला असे तो पुढे सांगत असे. त्यातून १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे ‘डिस्नेलँड’ उघडले आणि त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी फ्लोरिडातील ही नगरी उभी राहिली. जेथे कोणी एकटे बसू नये म्हणून एवढा खटाटोप झाला, तेथे आम्ही एकट्याने जेवावयास गेलो!

वाचकांच्या लक्षात आलेच असेल की आम्ही स्वतःस ‘आम्ही’ म्हणवतो. ही लेखनातली जुनी सवय. कागदावर आम्ही बहुवचनी, परंतु भोजनगृहाच्या दारी हे बहुवचन काही चालत नाही. तेथे हसतमुखाने उभी असलेली बाई पहिला प्रश्न करते, “किती जण?” आणि आम्हांस उत्तर द्यावे लागते, “एक.” पहिल्याच संध्याकाळी एका ठिकाणी (त्याचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही) या उत्तरावर प्रतिप्रश्न आला, “एकच फक्त?” त्या ‘फक्त’ शब्दाने आमचे निम्मे जेवण तेथेच संपले. मग आमची स्थापना मुदपाकखान्याच्या झुलत्या दाराशेजारी करण्यात आली. समोरची दुसरी थाळी, दुसरा पेला, दुसरा काटा-चमचा आमच्या डोळ्यांदेखत गोळा करून नेण्यात आला, जणू काही कोणी यावयाचे होते आणि आले नाही. दहा मिनिटांत आम्ही पदार्थ उरकले आणि बाहेर पडलो. जेवलो असे म्हणवत नाही.

वकिली पेशामुळे प्रतिपक्षाची बाजू समजून घेण्याची आम्हांस खोड आहे. भोजनगृहातील टेबले दोघांची किंवा चौघांची असतात. एकटा आला की एक खुर्ची रिकामी राहते, आणि रिकामी खुर्ची म्हणजे धन्याचे नुकसान. याच नगरीत खेळांच्या रांगांपाशी मात्र उलट न्याय दिसतो. काही खेळांना एकट्यांची निराळी रांग असते. गाडीत तिघांचे कुटुंब बसले आणि चौथी जागा उरली की एकट्यास हाक येते, आणि पुष्कळदा तो इतरांच्या कितीतरी आधी आत जातो. गाडीत एकटा माणूस रिकामी जागा भरतो म्हणून तो लाडका, आणि टेबलाशी तोच जागा रिकामी ठेवतो म्हणून नावडता. या हिशेबात आमच्या गुणावगुणांचा काहीच संबंध नाही, हे उमगले तेव्हा मनाचा सल बराच कमी झाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही थोडी तयारी करून निघालो. तेथे साठ दिवस आधीपासून जागा राखून ठेवता येते, आणि ती एकट्यासही ठेवता येते. आयत्या वेळी पाहणाऱ्या एकट्यालाही कोठे ना कोठे एखादी फट सापडते. आम्ही दिवेलागणीपूर्वीची वेळ निवडली, कारण त्या वेळी गर्दी उसळलेली नसते आणि वाढणाऱ्यांसही दोन शब्द बोलण्याइतकी उसंत असते. ‘ॲनिमल किंगडम लॉज’ या निवासगृहाच्या किदानी नावाच्या भागात २००९ साली उघडलेले ‘सना’ हे भोजनगृह आहे. स्वाहिली भाषेत सना म्हणजे कला. आफ्रिकी पाककृतीस हिंदी मसाल्यांची जोड, असा तेथला थाट. खिडक्यांबाहेर मोकळे गवताळ रान, आणि त्यात जिराफ व झेब्रे स्वस्थपणे चरत असतात.

तेथेही तोच प्रश्न झाला, “किती जण?” आम्ही म्हणालो, “एक, आणि खिडकीपाशी जागा मिळाली तर फार बरे.” दाराशी असलेल्या मुलीने ‘फक्त’ हा शब्द उच्चारला नाही. तिने आम्हांस खिडकीशी नेले. वाढणाऱ्या बाईंना आम्ही आमचे पथ्य सांगितले आणि घाई नाही हेही सांगितले. त्यांनी तेथली प्रसिद्ध नान-कुलच्यांची परडी सुचवली. पाच तऱ्हांच्या रोट्या आणि त्यांसोबत नऊ लहान वाट्या! कोशिंबीर, चिंचेची चटणी, कोथिंबिरीची चटणी, आंब्याची चटणी, लसणीचे लोणचे असा तो सरंजाम पाहून आम्हांस हसू आले. आमच्या पानाची सबंध डावी बाजूच समुद्र ओलांडून येथे येऊन बसली होती. परडी उघडच चौघांच्या बेताची. पण ती पुरी आमच्यापुढे मांडण्यात आली, एकही वाटी वगळली गेली नाही, आणि उरले ते शेवटी डब्यात बांधून मिळाले. बाहेर एक जिराफ एकटाच झाडाचा पाला ओरबाडीत होता. त्याची कोणास कीव येत असल्याचे दिसले नाही. आम्ही त्या टेबलाशी सव्वा तास बसलो.

उरलेल्या वेळात आम्ही आणखी काही प्रकार पाहिले. ‘पॉलिनेशियन’ निवासगृहातील भोजनगृहाचे नावच मुळी ‘ओहाना’, म्हणजे हवाई बेटांच्या भाषेत कुटुंब. तेथे पदार्थ परातीतून टेबलागणिक येतात. एकट्यासही एकट्यापुरती परात येते, म्हणजे एका माणसाचेही कुटुंब होऊ शकते असे त्यांचे शास्त्र सांगते. ‘एपकॉट’ उद्यानात जपानी विभागात ‘तेप्पान एदो’ आहे. तेथे एका तापल्या लोखंडी तव्याभोवती आठ जण बसतात, आचारी समोरच पदार्थ परततो, आणि शेजारी कोण येईल हे ठरलेले नसते. ही तर शुद्ध पंगतच. ‘शेफ मिकीज’मध्ये तो जगद्विख्यात उंदीर टेबलाटेबलाशी फिरतो. एकट्या प्रौढ गृहस्थाशीही तो त्याच अदबीने हस्तांदोलन करतो, हे आम्ही कायद्याच्या पदवीधराची सर्व प्रतिष्ठा सांभाळून येथे नमूद करतो. अनेक ठिकाणी पेयांच्या काउंटरावरही जेवण मिळते. तेथली उंच खुर्ची जात्याच एकट्यासाठी असते, आणि त्या काउंटरावर बसून नुसते लिंबाचे सरबत मागितले म्हणून कोणी भुवया उंचावीत नाही.

हे सर्व अनुभवताना आम्हांस आमच्या आत्याआजींची वारंवार आठवण होत होती. त्या आमच्या वडिलांच्या आत्या. ऐन तारुण्यात वैधव्य आले आणि उरलेले सर्व आयुष्य त्यांनी आमच्या घरी काढले. सणावाराचा, श्राद्धपक्षाचा, देवाच्या नैवेद्याचा सारा स्वयंपाक त्यांच्या हातचा. शंभर पानांची समाराधना असली तरी मीठ कमी पडले असे कधी झाले नाही. पुरुषांची पंगत उठे, मग मुलांची, मग सुवासिनींची. सर्व आटोपल्यावर, उन्हे कलली म्हणजे आत्याआजी मागल्या पडवीत बसत. आम्ही तेव्हा लहान होतो, पण एक गोष्ट डोळ्यांपुढून हलत नाही: घरात प्रत्येकाचे पान कोणी तरी दुसरा मांडीत असे. आत्याआजींचे पान मात्र त्याच मांडीत, त्यात त्याच वाढून घेत, आणि मध्येच कोणी हाक मारली तर तसेच अर्धे पान टाकून उठत. जन्मभर त्या एकट्याच जेवल्या. पण त्या एकटेपणाला स्वस्थता म्हणता येणार नाही.

एकट्याने जेवण्यात दुःख कोठे असते, हे आम्हांस ‘सना’च्या त्या खिडकीशी स्पष्ट कळले. शेजारी कोणी नाही यात ते नसते. आपले पान मांडण्यास कोणी नाही यात असते. एकांत माणूस स्वतः निवडतो तेव्हा तो विश्रांतीसारखा असतो, आणि तोच इतरांनी लादला की शिक्षा होते. आमच्या जातगंगेला हे पुरते ठाऊक होते. म्हणून तर तिची सर्वांत कठोर शिक्षा पंक्तीतून उठवणे ही होती. अशा बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली कायदा केला, इतका तो रोग चिवट. आमच्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने १९५० साली धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून कोणास सार्वजनिक उपाहारगृहात मज्जाव करण्यास बंदी केली. अमेरिकेत १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो गावी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या काउंटरावर जाऊन बसले. त्यांना वाढण्यात आले नाही, तरी ते उठले नाहीत. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने तेथली उपाहारगृहे सर्वांस खुली झाली. तेव्हा टेबलाशी बसण्याचा हक्क ही किरकोळ बाब नव्हे. त्यासाठी माणसे झगडली आहेत. पण कायद्याने खुर्ची मिळते, ‘या, बसा’ हे शब्द मिळत नाहीत. ते यजमानाच्या मनातूनच यावे लागतात.

यजमानाइतकीच पाहुण्याचीही काही जबाबदारी आहे. एकट्याने जेवणाऱ्याने चोरासारखे कोपऱ्यात शिरू नये. हवी ती जागा सभ्यपणे मागावी. पुस्तक वा फोन ढालीसारखा पुढे धरू नये, कारण आपल्याकडे पाहण्यास कोणास सवडच नसते. प्रत्येक कुटुंब आपल्या रडणाऱ्या मुलात गुंतलेले असते. पदार्थ मोजके मागावेत, सावकाश खावेत, वाढणाऱ्याचे नाव विचारावे, आणि त्या देशाच्या रीतीप्रमाणे शेकडा अठरा-वीस टीप हात आखडता न घेता द्यावी, म्हणजे रिकाम्या खुर्चीचे ऋण बरेचसे फिटते. मौनाने जेवण्याचे व्रत ज्या धर्मात सांगितले आहे, त्यातल्या माणसाला गप्प बसून जेवणे जड जाण्याचे खरोखर कारण नाही.

आता घरचे. आमच्या अग्रशाळांत नवस फेडावयास, अभिषेक करावयास कधी कधी एखादे माणूस एकटेच येते. एखादी वृद्धा, एखादा नोकरीसाठी दूर राहणारा मुलगा, एखादी अविवाहित शिक्षिका. “बाकीची मंडळी कुठे आहेत?” हे आपण त्यांना सहज विचारून जातो. मनात काही वाकडे नसते, पण प्रश्न झोंबतो. जुन्या घरांत एक फार सुंदर प्रश्न होता, “किती पाने मांडू?” त्यात माणसे मोजली जात, त्यांची नाती मोजली जात नसत. उत्तर ‘एक’ असे आले तर एकच पान घ्यावे, पण ते पुसून, सरळ मांडून, मिठापासून लिंबाच्या फोडीपर्यंत डावी-उजवी पुरी वाढावे, आणि जेवणारा निम्म्यावर आला की भाताची परात घेऊन एकदा त्याच्यासाठी म्हणून वळावे. घरात जी कोणी अजूनही सर्वांच्या मागून आपले आपण वाढून घेत असेल, तिच्यापासून आरंभ केला तर त्यासाठी देवळापर्यंतही जावे लागणार नाही.